एकच सिलिंडर, मग दोन कार्बोरेटर कशाला?

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. सोलापुरातल्या जुन्या मिस्त्रीसमोर दोन कार्बोरेटरचा विषय काढला की त्याला राजदूत 350 आठवते. एस्कॉर्ट्सने 1983 पासून आपल्याकडे बनवलेली ही यामाहा. दोन सिलिंडर, प्रत्येकाला स्वतःचा कार्बोरेटर, हिशेब सरळ. पण त्याच सुमारास जपानी कंपन्यांनी एकाच सिलिंडरला दोन कार्बोरेटर बसवलेल्या गाड्याही काढल्या. 1983ची होंडा एक्सएल 600 आर तशी, यामाहा एक्सटी 600 टेनेरेही तशीच. आपल्या रस्त्यांवर त्या जवळजवळ दिसल्याच नाहीत. त्यामुळे अशा इंजिनाचा फोटो गॅरेजात दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: "मग पेट्रोल डबल पितंय काय?"

नाही पीत. पेट्रोल किती लागणार हे इंजिनाने किती हवा ओढली यावर ठरतं. वजनाने साधारण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल, मग ती हवा एका तोंडाने येवो की दोन. ताकदही दुप्पट होत नाही. दुसरा कार्बोरेटर येतो तो वेगळ्याच अडचणीवर तोडगा म्हणून.

पूर्वी घरोघरी डास मारायला फ्लिटचा पंप असायचा. दांडा दाबला की हवा नळीच्या तोंडावरून वेगाने जायची आणि खालचं औषध वर ओढलं जाऊन त्याचा फवारा उडायचा. कार्बोरेटर याच तत्त्वावर चालतो. त्यातली हवेची वाट, म्हणजे गळा, अरुंद झाला की हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. बर्नोलीने 1738 मध्ये वेग आणि दाबाचं हे नातं मांडलं, तर अरुंद गळ्यातल्या प्रवाहावर व्हेंचुरीने 1797 मध्ये लिहिलं. बाऊलमधल्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या वाटीतल्या, पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, गळ्यात तो कमी, म्हणून पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, वर चढतं. यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच: ही ओढ वेगाच्या वर्गाने बदलते. वेग निम्मा झाला तर ओढ चौथाई उरते.

आता 500 सीसीचं एक मोठं सिलिंडर घ्या, बुलेट 500 सारखं. चार सिलिंडरांचं इंजिन थोडी थोडी हवा सतत घेत राहतं. हे मात्र अर्ध्या लिटरचा एकच घोट घेतं आणि पुढचे तीन स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या पुढच्या तीन चाली, काहीच घेत नाही. 6000 आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) त्या घोटासाठी जेमतेम 5 मिलिसेकंद मिळतात. थ्रॉटल, म्हणजे मुठीने उघडणारा हवेचा दरवाजा, पूर्ण उघडा आहे आणि सिलिंडर पूर्ण भरतं असं धरलं, तर 36 मि.मी.च्या गळ्यातून हवा सेकंदाला सरासरी 98 मीटर वेगाने जाते. झकास. पण 1500 आरपीएमला त्याच गळ्यात वेग उरतो 24 मीटरच्या आसपास. ओढ सोळावा हिस्सा!

तुळजापूरच्या घाटात ट्रकमागे अडकलात, गियर वरचा, आरपीएम खाली, आणि वाट मोकळी दिसताच मूठ करकचून पिळलीत, की नेमकं हेच होतं. गळ्यातली सरकती झडप, म्हणजे स्लाइड, झटक्यात वर जाते, गळा पूर्ण उघडतो, हवेचा वेग पडतो. हवा हलकी, ती लगेच धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. गाडी एक गचका खाते, "भुक" करते, मग उचलते. गळा 27 मि.मी.चा असता तर त्याच 1500 आरपीएमला वेग 44 मीटरच्या घरात गेला असता आणि ओढ तिपटीहून जास्त मिळाली असती. मात्र 6000ला तोच गळा इंजिनाचा श्वास कोंडतो. एका मापात दोन्ही साधत नाही.

मग 27चे दोन लावा आणि गरजेप्रमाणे उघडा. या इंजिनांना चार व्हॉल्व्ह असतात, त्यांतले दोन हवा आत घेणारे. प्रत्येकाला स्वतंत्र वाट आणि वाटेच्या तोंडाशी आपला कार्बोरेटर. एक्सटी 600 मध्ये पहिला साध्या स्लाइडचा, मुठीच्या वायरने थेट ओढला जाणारा. गाडी स्लोवर तोच सांभाळतो. मूठ ठरावीक टप्प्यापुढे गेली की एक लिव्हर दुसऱ्याची बटरफ्लाय, म्हणजे गळ्यातली फिरती चकती, उघडायला लागते. पण या दुसऱ्यातली स्लाइड वायरने उचलत नाही. तिच्यावर रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, आहे आणि इंजिनाने खरोखर हवा ओढायला लागल्यावरच व्हॅक्यूम तिला वर घेतो. म्हणजे स्वार कितीही उतावळा असला तरी दुसरा कार्बोरेटर इंजिनाचं ऐकतो, मुठीचं नाही. मला या रचनेतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. वर आणखी एक फायदा: कमी वेगाला एकाच बाजूने हवा आत शिरते, त्यामुळे सिलिंडरमध्ये ती गोल घुमते आणि मिश्रण चांगलं जळतं.

कल्पना तशी जुनी. 1933 ची आइल ऑफ मॅनची लाइटवेट टीटी शर्यत जिंकणाऱ्या एक्सेलसिअरच्या 250 सीसी 'मेकॅनिकल मार्व्हल'लाही एकच सिलिंडर, चार व्हॉल्व्ह आणि दोन कार्बोरेटर होते.

सोलापूरच्या मे महिन्यावर मात्र दुसऱ्या कार्बोरेटरकडे काही इलाज नाही. 42 अंशांची हवा 15 अंशांच्या थंडीतल्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ असते. कार्बोरेटर एक असो वा दोन, पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही आणि मिश्रण थोडं रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडतं.

शिवाय दुरुस्तीचा व्याप आहेच. बाऊलमधली पातळी राखणारे दोन फ्लोट, दोन जेट आणि लिव्हरचं सेटिंग. गाडी स्लोवर नीट चालते पण अर्ध्या मुठीपुढे दम टाकते, असं झालं तर क्लच प्लेट उघडण्याआधी तो डायफ्रॅम काढून उजेडात धरावा. सुईएवढं भोक पडलं तरी स्लाइड नीट वर जात नाही. होंडाने 1988च्या एक्सआर 600 आर मध्ये पुन्हा एकच कार्बोरेटर घेतला. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हा धुराच्या मर्यादांचा नियम आला आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवर कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसलं.

मुठीला थोडं थोपवून धरण्याची गरज इंजेक्शनमध्येही उरलीच. सुझुकीने 2000 च्या जीएसएक्स-आर 750 मध्ये प्रत्येक गळ्यात दोन बटरफ्लाय बसवल्या. एक मुठीने उघडते, दुसरी आरपीएम आणि गियर पाहून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उघडतो.