फर्म की एलएलपी: कर्ज कुणाच्या डोक्यावर?

दोन मित्र मसाल्याचा धंदा काढायचं ठरवतात. सीए विचारतो, ‘फर्म करायची की एलएलपी?’ फर्म म्हणजे नेहमीची भागीदारी; एलएलपी म्हणजे लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप, मर्यादित जबाबदारीची भागीदारी. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. दोन्हींत भागीदार, दोन्हींत करार, नफ्यावर प्राप्तिकराचा दरही तोच, ३० टक्के. मग वेगळं काय?

उधारी थकली की कळतं. फर्म चालते १९३२च्या भागीदारी कायद्याने, आणि तिच्यात फर्म म्हणजेच भागीदार. एकाने फर्मच्या नावावर दहा लाखांची मिरची उचलली आणि धंदा बसला, तर व्यापारी दुसऱ्याकडून पूर्ण दहा लाख मागू शकतो. ‘माझा वाटा निम्माच’ हे त्याला ऐकवून उपयोग नाही. प्रकरण राहत्या घरापर्यंत येऊ शकतं. एलएलपी ही २००८च्या कायद्याने वेगळी व्यक्ती मानली जाते. मिरची तिने घेतली, पैसेही तिनेच द्यायचे. भागीदाराचं बुडेल ते कबूल केलेलं भांडवल. फसवणूक केली असेल, तर मात्र हे संरक्षण उरत नाही.

एवढं ऐकून बहुतेक जण एलएलपीवर बोट ठेवतात. जरा थांबा. बँक कर्ज देताना सहसा भागीदारांची वैयक्तिक हमी घेतेच. तिथे सही केलीत की त्या कर्जापुरतं फर्म काय नि एलएलपी काय!

शिवाय एलएलपीची कागदपत्रं. वर्षभरात एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशेबाचं विवरण) भरायचाच. उशीर झाला की दंड वाढत जातो. फर्मला ही कटकट नाही. उलट दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर (रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत) ती ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरू शकते. एलएलपीला ही सवलत नाही. छोट्या दुकानदारासाठी मला हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून स्टॅम्प पेपरवर डीड करून लोक मोकळे होतात. मग गिऱ्हाईकाने पैसे थकवले की कळतं, नोंदणी नसलेल्या फर्मला वसुलीचा दावाच लावता येत नाही. तिच्यावर मात्र कुणीही लावू शकतो.

दोघांतला एक गेला, तर फर्म तिथेच संपते. एलएलपी टिकते, पण सहा महिन्यांत दुसरा भागीदार शोधावा लागतो.

आमच्या मसालेवाल्यांना मी फर्मच सुचवेन, नोंदणी करून. माल मोठ्या उधारीवर उचलायचा असेल किंवा भागीदाराची पुरती ओळख नसेल, तर एलएलपी. फर्मची एलएलपी पुढेही करता येते. फक्त त्याआधीची देणी भागीदारांच्या अंगावर तशीच राहतात.