पावसाळी पुण्यात उणे चाळीस

जुलैची सकाळ, बाहेर पावसाची रिपरिप, हवेत जेमतेम 24 अंश. आणि गाडीच्या कंट्रोलरमधले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरच्या पडद्यावर गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान: उणे 40.

गाडी मावसभावाची, ऑटोमॅटिक. दोन दिवस गिअर बदलताना धक्के देत होती, वरचा गिअर तर टाकतच नव्हती. एका ठिकाणी त्याला सांगितलं गेलं, की सेन्सर गेलाय, तो गिअरबॉक्सच्या आत असतो, खालचा तेलाचा पॅन उतरवायचा, तेलही नवं भरायचं. खर्चाचा आकडा ऐकून तो आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे आला. त्यांनी पडदा पाहिला नि म्हणाले, "हे तापमान नाहीच हो. वायर तुटली असेल कुठंतरी."

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेला बारीकसा मणी. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, याचा मात्र घटतो. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडेनं 1833 मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. थंड तेलात या मण्याचा रोध काही हजार ओहम असतो, तेल तापत गेलं की झपाट्यानं उतरतो. गिअरबॉक्सचा कंट्रोलर स्वतःच्या पोटातल्या एका ठरावीक रोधातून सेन्सरकडे 5 व्होल्ट धाडतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. दोन्ही रोध सारखे असतील तर अडीच. तेल थंड असेल तर आकडा 5 कडे सरकतो, गरम असेल तर शून्याकडे.

आता वायर तुटली तर? प्रवाहच नाही, म्हणजे सगळे 5 व्होल्ट जसेच्या तसे. कंट्रोलर बिचारा आपल्या कोष्टकात सगळ्यात थंड टोक शोधतो, आणि बऱ्याच गाड्यांत ते उणे 40 असतं. उलट वायर सोलून बॉडीला टेकली तर शून्य व्होल्ट, आणि पडद्यावर दीडशेच्या घरातलं तापमान. फॉल्ट कोडची, म्हणजे कंट्रोलर नोंदवतो त्या दोषाच्या क्रमांकाची, गंमत इथेच आहे. पी 0713 म्हणजे 'हाय इनपुट', पण ते 'हाय' व्होल्टेजचं, तापमानाचं नव्हे. तो कोड पाहून तेल तापलं समजणारे लोक मी पाहिलेत.

थंड तेल घट्ट असतं, म्हणून कंट्रोलर दाब आणि गिअर बदलण्याची वेळ तापमान बघून ठरवतो. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांची थेट पकड, तर तेल कोमट होईपर्यंत लावतच नाही. आकड्यावरचा भरवसा उडाला की तो सावध पवित्रा घेतो, आणि मग धक्के. (आपल्याकडच्या स्वस्तातल्या एएमटी गाड्यांना हे लागू नाही. त्यांचा गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच, क्लच-गिअर हलवायला फक्त यंत्राचे हात.)

मिस्त्रींनी आधी सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरिंगला जोडणारा प्लग, सोडवला. पडद्यावर उणे 40 तसंच. मग वायरिंगकडच्या कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं एकमेकींना जोडल्या. वायरिंग धड असतं तर आकडा तडक वरच्या टोकाला जायला हवा होता, आणि मग सेन्सरवर बोट ठेवता आलं असतं. तो ढिम्म हलला नाही. म्हणजे दोष सेन्सरच्या अलीकडे, आणि पॅन उतरवायची गरज गेली.

मल्टीमीटर लावला तर एका पिनेवर 5 व्होल्ट होते. तीच पिन त्यांनी बॉडीच्या अर्थला टेकवली, आणि पडद्यावर उणे 40 चा थेट उन्हाळा झाला. म्हणजे कंट्रोलर शाबूत, पाठवणारी वायर शाबूत. तुटली होती ती परतीची. (अर्थला टेकवायचा हा खेळ सर्किट डायग्राम समोर ठेवून फक्त अशा दोन वायरींच्या सेन्सरवर करायचा. आतल्या रोधामुळे इथे प्रवाह मर्यादित राहतो. तीन वायरींच्या सेन्सरचा 5 व्होल्टचा पुरवठा असा शॉर्ट केलात तर इतर सेन्सरही एकदम आंधळे होऊ शकतात.)

वायरिंग चाचपत मिस्त्री बॅटरीच्या ट्रेखाली पोचले. तिथे वाळका पाला, कागदाचे कपटे आणि कुरतडलेली वायर. उंदीर! पावसाळ्यात उभ्या गाडीचं बॉनेट म्हणजे त्यांना उबदार घरच. तुटकी टोकं साफ करून, डाग देऊन, वर स्लीव्ह चढवली. कपलरही उघडून पाहिला; काही गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल वायरीच्या तंतूंमधून केशाकर्षणानं वर चढत येतं आणि पिनांवर साचतं. इथे पिना कोरड्या होत्या.

"गाडी रात्रभर उभी ठेवा," मिस्त्री म्हणाले, "आणि सकाळी स्टार्ट न करता या आकड्यांचा फोटो पाठवा." त्यामागचा तर्क मला फार आवडला. रात्रभरात इंजिन, तेल, हवा सगळं एकाच तापमानाला येतं, त्यामुळे सेन्सर एकमेकांचे साक्षीदार होतात. एखादाच पंधरा अंशांनी वेगळं बोलू लागला, तर तो खोटा.

सकाळी फोटो आला. कूलंट 25, इंजिनात जाणारी हवा 24, गिअरबॉक्सचं तेल 25. त्याखाली मावसभावाचा प्रश्न: उंदरांचा पिंजरा कुठे मिळेल?