व्हर्जिनिया टेकचा मारेकरी खरंच गेम्स खेळायचा का?

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारलं. त्याचं नाव जाहीर होण्याआधीच टीव्हीवर निकाल लागला होता: गोळीबाराच्या व्हिडिओ गेम्सनी त्याला घडवलं. आजही ही गोष्ट बिनदिक्कत सांगितली जाते.

ती खरी नाही. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने त्याचं सगळं आयुष्य तपासलं. लहानपणी तो ‘सॉनिक द हेजहॉग’सारखे गेम खेळायचा, युद्धाचे किंवा हिंसेचे नव्हे. वसतिगृहातल्या सोबत्यांनी त्याला गेम खेळताना पाहिलंच नव्हतं. त्याच अहवालात त्याच्या मानसिक आजाराचा लांबलचक इतिहास आहे आणि उपचारांत राहिलेल्या त्रुटीही. गेम्सच्या गोंगाटात नेमकं हेच मागे पडलं, याचा मला संताप येतो.

पुढे २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांची सुमारे हजार ब्रिटिश मुलं अभ्यासली. मुलांचं वागणं कसं आहे हे पालकांनाही विचारलं. हिंसक गेम्स आणि आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही.

मात्र गेमप्रेमी ‘काडीचाही परिणाम होत नाही’ म्हणतात, तेही घाईचं आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटलं, की आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी छोटा संबंध दिसतो. प्रत्यक्ष हिंसाचाराशी तो जोडण्याइतका पुरावा नाही.