एन्ड्युरो (जुन्या मोटारसायकलींची)

साधारण १९८० च्या आधी बांधलेल्या मोटारसायकली घेऊन शेतवाटा, रानातल्या पायवाटा, ओढे आणि चिखल पार करत नेमून दिलेल्या वेळेत टप्पे गाठण्याचा क्रीडाप्रकार. युरोप आणि अमेरिकेत तो चांगला रुजला आहे. चालक एकेका मिनिटाच्या अंतराने सुटतात. वाटेतल्या तपासणी नाक्यावर उशिरा पोचल्यास दंड बसतो, लवकर पोचल्यासही बसतो. तासाभराहून जास्त उशीर झाला की खेळ संपला. मधल्या काही छोट्या टप्प्यांवर मात्र निव्वळ वेग मोजतात. इटालियन लोक या खेळाला पूर्वी ‘रेगोलारिता’, म्हणजे नियमितपणा, म्हणत. ‘एन्ड्युरो’पेक्षा ते नाव अधिक नेमके आहे.

या खेळाचा जन्म गाड्यांच्या परीक्षेतून झाला. १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे पहिली ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ भरली. आपली गाडी सहा दिवस खराब रस्त्यांवरून न मोडता चालते, हे कारखान्यांना जगाला दाखवायचे होते. १९८१ पासून याच स्पर्धेच्या नावात ‘ट्रायल’च्या जागी ‘एन्ड्युरो’ आले. वितळवलेल्या मेणाने माखलेले बार्बर कंपनीचे ‘इंटरनॅशनल’ जॅकेट १९३६ च्या स्पर्धेसाठी निघाले. आज ते फॅशन म्हणून विकले जाते, पण मुळात ते पावसात सहा दिवस भिजणाऱ्या माणसासाठी होते. १९६४ मध्ये पूर्व जर्मनीतील एर्फुर्टला नट स्टीव्ह मॅक्क्वीन अमेरिकी संघातून ट्रायम्फ मोटारसायकलवर उतरला आणि गाडी आपटल्याने अर्ध्यातच बाहेर पडला. लोकांच्या लक्षात तोच राहिला आहे. खरे वर्चस्व होते पूर्व जर्मनीच्या एमझेड मोटारसायकलींचे (१९६३ ते १९६७ सलग, शिवाय १९६९) आणि नंतर चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचे. १९६५ ला ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर पावसाने अशी दाणादाण उडवली की निम्म्याहून अधिक गाड्या शेवटपर्यंत पोचल्या नाहीत. तिथेही करंडक एमझेडवाल्यांनीच नेला.

एमझेडच्या या यशात एका साध्या गोष्टीचाही वाटा होता. त्या गाडीची मागची चेन रबरी नळ्यांत आणि झाकणात पूर्ण बंद असे. उघडी चेन चिखलात वाळूकागदासारखी घासत जाते, ताणते आणि संध्याकाळपर्यंत उडी मारायला लागते. झाकलेली चेन ग्रीसमध्ये सुखाने फिरते.

चिखल सगळा सारखा नसतो. पातळ रेंदा परवडला, चिकण माती नको. ती टायरच्या गुट्ट्यांमध्ये, म्हणजे रबरी दातांमध्ये, भरते आणि दहा-वीस फुटांत टायर गुळगुळीत करून टाकते. मग ती चाक आणि मडगार्डच्या फटीत साचत जाते आणि शेवटी चाक जागच्या जागी अडकते. म्हणूनच या गाड्यांचे पुढचे मडगार्ड चाकापासून चांगले उंच बसवतात. पत्र्याची मडगार्डे वाकून टायरला घासत. १९७० च्या दशकात अमेरिकी चालक प्रेस्टन पेटीने न मोडणारी प्लॅस्टिकची मडगार्डे आणली आणि ती सर्वत्र दिसू लागली.

दुसरे दुखणे ड्रम ब्रेकचे. ओढा ओलांडला की लायनर भिजतात आणि ब्रेक नावालाही लागत नाही. जाणकार चालक चढ चढतानाच ब्रेक हलका दाबून धरतो, म्हणजे उतार येईपर्यंत लायनर सुकलेले असतात. मागच्या सस्पेन्शनची हालचाल १९६० च्या दशकातल्या गाड्यांत जेमतेम १०० मिलिमीटर. आजच्या गाड्यांत ती सुमारे ३०० असते. त्यामुळे जुन्या गाडीवर बसून चालणे म्हणजे कंबर मोडून घेणे. फूटरेस्टवर उभे राहायचे, वजन थोडे मागे, पहिल्याऐवजी दुसरा गिअर आणि थ्रॉटल एकसारखा. रेस वाढवली की चाक जागीच फिरते आणि खड्डा खणते.

गाडी पाण्यात बसली, तर एक ठरलेला विधी आहे. आधी पेट्रोलचा कॉक बंद. प्लग काढायचा. पुढचे चाक उंच धरून सायलेन्सरमधले पाणी ओतून द्यायचे आणि मग दहा-पंधरा किक मारायच्या. प्लगच्या भोकातून तपकिरी पाण्याच्या चिळकांड्या उडतात. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करायची, ठिणगीची वेळ सांभाळणारे पॉइंट फडक्याने पुसायचे आणि खिशातला कोरडा प्लग लावायचा. हे सगळे चालकाने एकट्याने, घड्याळ चालू असताना. बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला की बाद. चासी, इंजिनाची केसिंग आणि चाकांचे हब यांना सुरुवातीलाच रंगाची खूण केलेली असते, म्हणजे रातोरात ते बदलता येत नाहीत.

आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. मैसूरला १९६१ ते १९९६ या काळात बनलेल्या जावा-येझदी त्याच चेक घराण्यातल्या, आणि दूधवाल्यांची राजदूत मुळात पोलंडची ‘एसएचएल’. भाताच्या चिखलणीच्या दिवसांत बांधावरून कॅन लादून राजदूत नेणारा माणूस तपासणी नाक्याशिवाय तेच करत होता.

संध्याकाळी चिखलाने भरलेली गाडी तशीच कुंपणाच्या आत कोंडतात. रात्रभर तिला कोणीही शिवायचे नाही. सकाळी आपले मिनिट आले की चालकाकडे साठ सेकंद असतात. तेवढ्यात थंडगार इंजिन किक मारून चालू व्हायला हवे आणि गाडी वीस मीटरवरची रेघ स्वतःच्या दमावर ओलांडून गेली पाहिजे.