अर्बुदाचे दूरस्थ परिणाम

घातक अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, शरीरात एकाच जागी असली तरी तिचा त्रास तेवढ्यापुरता राहत नाही. जिथे कर्करोगाची एकही पेशी पोहोचलेली नसते, अशा निरोगी ऊतींचे कामही ती बिघडवते. गाठीने रक्तात सोडलेली द्रव्ये आणि तिच्याशी झुंजणाऱ्या प्रतिकारयंत्रणेची दाहकारक प्रथिने यांमुळे हे घडते.

याचे सर्वांत क्लेशदायक रूप म्हणजे रुग्णाचे खंगणे, अर्थात कॅकेक्सिया. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे ही त्याची एक मान्य कसोटी आहे. नीट जेवत नाही म्हणून ही अवस्था झाली, असे घरच्यांना वाटते. पण हा समज रुग्णावर अन्याय करणारा आहे. इंटरल्यूकिन-६, टीएनएफ यांसारखी दाहकारक प्रथिने स्नायूंना स्वतःचीच प्रथिने मोडायला लावतात, चरबी वितळते आणि यकृत दाहाशी निगडित प्रथिने बनवण्यात गुंतते. जीडीएफ-१५ हे प्रथिन मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांवर परिणाम करून भूकच मारते. म्हणूनच केवळ आहार वाढवून हे खंगणे पूर्णपणे भरून येत नाही. उपवासात शरीर स्नायू शक्य तितके राखून चरबी वापरते. इथे तो संयमच सुटलेला असतो.

काही गाठी संप्रेरकांची नक्कल करतात. फुफ्फुसाच्या स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींच्या कर्करोगात कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या पॅराथायरॉइड संप्रेरकासारखे प्रथिन स्रवू शकते. त्याने हाडे झिजतात आणि रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत चढते. फुफ्फुसाच्याच लघुपेशी कर्करोगात मूत्ररोधी, म्हणजे शरीरात पाणी राखणारे, संप्रेरक वाढून रक्तातले सोडियम घटते. याच कर्करोगात गाठीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे कधी मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात त्या जागेवरच हल्ला करतात.

रक्तही गोठू लागते. आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याने १८६५ मध्ये कर्करोग आणि शिरांतील गुठळ्या यांचा संबंध मांडला. पुढे त्याला स्वतःलाच अशी गुठळी झाली आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला.

गाठ पसरण्याआधीच दूरची ऊती बदलते, हे मात्र बरेच उशिरा कळले. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये कर्करोगपेशीला बीज आणि अवयवाला माती म्हटले होते. २००५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की कर्करोगपेशी येण्यापूर्वीच अस्थिमज्जेतील पेशी फुफ्फुसात जमून ही माती तयार करतात. गाठीतून निघणारे एक्झोसोम नावाचे सूक्ष्म कोशही त्यात सहभागी असतात. त्यांच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन प्रथिनांवरून ते फुफ्फुसाकडे जातील की यकृताकडे, हे बऱ्याच अंशी ठरते.