रुग्णसाहित्य केंद्र

घरी शुश्रूषा चालू असलेल्या वृद्ध किंवा आजारी माणसासाठी खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड (पंपाने हवा भरायची गादी) असे साहित्य अनामत रक्कम घेऊन ठरावीक मुदतीसाठी वापरायला देणारे स्थानिक सेवाकेंद्र. महाराष्ट्रात धर्मादाय न्यास, ज्येष्ठ नागरिक संघ, देवस्थाने, गणेशोत्सव मंडळे अशी केंद्रे चालवतात. त्यांची नोंदणी बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली असते.

उगम : या प्रथेचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश रेड क्रॉसने घरच्या रुग्णांना साहित्य उसने देण्याची पद्धत रुळवली; भारतीय रेड क्रॉस संस्था १९२० सालची. दुसरे मूळ म्हणजे लग्नकार्यासाठी देवळातून किंवा मंडळातून मिळणारी गावकीची भांडी. वहीतली नोंद, अनामत, मोडतोड झाली तर भरपाई आणि ओळखीच्या माणसाची हमी हा सगळा व्यवहार आजच्या केंद्रांत जवळजवळ तसाच दिसतो. त्यामुळे रेड क्रॉसचे उदाहरण समोर असले तरी घडण गावकीची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

साहित्य व मापे : खाटेचे दोन प्रकार असतात. सेमी फाउलर खाटेला एकच हँडल असते व फक्त पाठ उचलता येते. फुल फाउलरला दोन हँडले असून गुडघ्यांकडचा भागही वर घेता येतो. पाठ उचलण्याआधी गुडघे थोडे वर घ्यावेत, नाहीतर रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. रुग्ण ताठ उभा राहून हात मोकळे सोडले असता वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. पायांची रबरी बुचे झिजलेला वॉकर ओल्या फरशीवर सरकतो, म्हणून देण्यापूर्वी चारही बुचे उलटून पाहावीत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. चाकाची खुर्ची नेण्याआधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजावी. जुन्या घरांत खुर्ची दारातच अडते. उठताना रुग्णाने पायटीवर, म्हणजे पाय टेकायच्या पट्टीवर, भार दिला की खुर्ची पुढे कलंडते. पायटी आधी वर दुमडायची आणि दोन्ही ब्रेक लावायचे, हे नेणाऱ्याकडून केंद्रातच एकदा करून घ्यावे.

एअर बेड : सर्वांत जास्त मागणी याला, आणि सर्वांत जास्त चुकीचा वापरही याचाच. यातील फुग्यांचे दोन संच आळीपाळीने भरतात व रिते होतात. एक फेरा साधारण १० मिनिटांचा असतो. शरीराचा भार एकाच जागी न राहिल्याने तेथील रक्तपुरवठा चालू राहतो. हा बेड नेहमीच्या गादीवर अंथरायचा, नुसत्या फळीवर नाही. वर एकच पातळ चादर घालावी. मायेने घातलेली गोधडी आणि तिच्याखालचे रबरी कापड मिळून बेडचा सगळा उपयोग घालवतात. हवा पुरेशी आहे का हे पाहण्यासाठी बेडखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात सरकवावा. हाताला हाड लागले तर हवा कमी आहे. मध्ये सुमारे अडीच सेंमी जाडी राहायला हवी. पंपाची नळी खाटेच्या कडेला दुमडली जाणे, कपड्यातील टाचणी टोचणे आणि वीज जाणे ही बिघाडाची नेहमीची कारणे.

एअर बेड असला तरी दर २ तासांनी कूस बदलावीच लागते. लालसर डागावर बोट दाबून सोडल्यावर तो क्षणभर पांढरा पडला नाही, तर शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तेथे ऊब, कडकपणा किंवा गडद झालेला रंग पाहावा. अशा जागी तेल-पावडर चोळू नये. आतील नाजूक ऊती आणखी दुखावतात.

शुश्रूषा करणाऱ्यांना मदत : साहित्य न्यायला येते ती बहुधा सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरी ओलांडलेली पत्नी. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत कसे घ्यायचे, हे तिला दाखवणे हे केंद्राचे खरे काम आहे आणि घाईच्या वेळी नेमके तेच राहून जाते. खुर्ची रुग्णाच्या धडधाकट बाजूला, खाटेशी तिरकी ठेवावी. रुग्णाला काखेत धरून ओढू नये, कमरेच्या पट्ट्याला धरावे. उचलणाऱ्याने गुडघे वाकवावेत, पाठ नव्हे. पक्षाघात झालेला हात काखेतून ओढला तर खांदा निखळू शकतो.

शासकीय योजना : राष्ट्रीय वयोश्री योजना (२०१७) दारिद्र्यरेषेखालील किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची अशी साधने मोफत देते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून (२०२४) पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. काही महिन्यांपुरती लागणारी खाट यांत बसत नाही. ती गरज केंद्रेच भागवतात.

परतावा : मुदत संपली तरी साहित्य माळ्यावर पडून राहते, विशेषतः घरात मृत्यू झाल्यावर. अशा घरी तगादा न लावता केंद्राने स्वतः टेम्पो पाठवणे बरे. परत आलेली वस्तू आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, मग हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या द्रावणाने पुसावी आणि लोखंडी भाग लगेच स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे करावेत, नाहीतर हँडलचे आटे गंजून पुढच्या घरी खाट वर उचललीच जात नाही.