घट, मोघम आणि 88 टक्के

भेंडवळची घटमांडणी म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको: बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी अक्षय तृतीयेला शेतात घट मांडून सांगितलेलं पीकपाण्याचं भाकीत. परंपरा तीनशेहून जास्त वर्षांची सांगतात. 'खोटं का असेना, पेरायला उभारी देणारं भाकीत बरं, की हातपाय गाळणारा खरा अंदाज?' हा वाद मात्र अलीकडचा.

2015 साली तो नीट टोकाला गेला. 2 जूनला सरकारी अंदाज आला, देशात सरासरीच्या 88 टक्केच पाऊस. पडला 86. अंदाज खरा निघाला. पण उधारीवर बियाणं आणून बसलेल्या कोरडवाहू माणसाने त्या 88 चं करायचं काय? आकडा अख्ख्या देशाचा, त्याच्या शिवाराचा नव्हे.

खोट्या समजुतीला अडवायचं किती, याचा खरा गुंता महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातला. वर्षानुवर्षं अडलेलं ते विधेयक डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मंजूर झालं, तोवर नावातून 'अंधश्रद्धा' हा शब्दच गेला होता. शिवाय ज्योतिषी, नंदीबैलवाले जोशी आणि जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडे यांच्या सल्ल्याला सूट मिळाली. साप चावल्यावर नुसता मंत्र घालणं हाही गुन्हा नाही. रोग्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणं हा गुन्हा. म्हणजे समज खरी की खोटी, यात कायदा शिरलाच नाही, त्याने इजा तेवढी पाहिली. विरोधक याला पळवाट म्हणतात. एरवी मला ही वाटणी शहाणपणाची वाटते, पाणाड्यांपाशी मात्र मीही अडखळतो. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला तिथे बोअर मारली आणि नुसता फुफाटा उडाला, तर हप्ते शेतकऱ्यानेच फेडायचे. सल्ला देणारा मोकळा.

घटाचं भाकीत तसं उघड खोटं पडत नाही, कारण तिथली भाषा. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी उजाडता मधल्या खड्ड्यातली चार ढेकळं पाहतात, पावसाळ्याचा एकेक महिना एकेका ढेकळाचा. भोवती मांडलेल्या अठरा धान्यांचे दाणे किती हलले तेही पाहतात. मग जाहीर होतं: अमुक पीक चांगलं, तमुक साधारण, कपाशी मोघम. हा 'मोघम' फार सोयीचा. कुणी त्याचा अर्थ कमी असा घेतो, कुणी मध्यम, कुणी 'सांगता येत नाही' असाही. अशा शब्दाला खोटं ठरवणार कसं?

कृषी खातं दरवर्षी बजावतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. घट ऐकून आलेला माणूस हा आकडा मोजत बसत नाही. तो बांधावर वाकून माती उकरतो आणि ओल वितीभर खाली गेली असेल तरच तिफण बाहेर काढतो.